टॉवर उतरवलात, आता अभ्यासिकेची किल्ली द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आमची गृहनिर्माण संस्था, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

स. न. वि. वि.

हे पत्र सर्वांसमोर लिहिण्याआधी मी संस्थेच्या ऑफिसात दोन अर्ज दिले. एक दिवाळीनंतर, दुसरा डिसेंबरात. दोन्हींवर शिक्का मारून पोच मिळाली, उत्तर आजवर आलेले नाही. अभ्यासिकेच्या दाराला कुलूप लागून दीड महिना झाला आणि दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. आता गप्प बसणे मला जमत नाही.

खुले पत्र लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या फॉरवर्डवर विसंबून आपल्या सभेने मोबाइल टॉवर काढण्याचा निर्णय घेतला, तोच मजकूर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. आपल्याकडे जे झाले ते उद्या शेजारी होऊ नये. संस्थेचे नाव मी लिहिलेले नाही आणि म्हणून माझेही लिहीत नाही. आपल्याला दोन्ही ठाऊक आहेत.

झाले काय, ते आधी सांगते. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, सी विंगच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर काढण्याचा ठराव आला. चौदा दिवस आधी निघालेल्या नोटिशीत हा विषय नव्हता. एका सदस्यांनी मोबाइलवरून मजकूर वाचून दाखवला: टॉवरच्या किरणोत्सर्गाने मुलांचा मेंदू मंदावतो, विचारशक्ती खुंटते, स्मरणशक्ती जाते. वीस मिनिटांत हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरीच बघा ना. सर कसे झालेत."

माझे यजमान माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना ते ऐकू आले. त्यांना अल्झायमर आहे, अजून सुरुवातीची पायरी आहे, आणि आपल्याबद्दल काय बोलले जाते ते त्यांना पूर्ण कळते. घरी येताना लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारले, "आपण वरच्या मजल्यावर घर घेतलं ते माझं चुकलं का गं?"

मी एकतीस वर्षे ठाण्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवले. आमचे घर त्या टॉवरच्या बरोबर खाली, सातव्या मजल्यावर आहे. मोबाइलच्या लहरी आणि मेंदू हा विषय या संकुलात कोणाच्या जिवाशी सर्वांत जास्त असेल तर तो माझ्या. आजाराचे निदान झाले त्या आठवड्यात मीही डॉक्टरांना हेच विचारले होते: टॉवरमुळे का? त्यांनी शांतपणे नाही म्हटले. माझे समाधान झाले नाही, म्हणून मी वाचत राहिले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे मांडली. त्यात उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, बहिरेपणा, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आहे. बालपणातले अपुरे शिक्षणही आहे. मोबाइलच्या लहरी त्या यादीत नाहीत. माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार होता आणि त्यांच्या हयातीत आमच्या गावात साधा फोनही आला नव्हता. तेव्हा पहिली विनंती इथेच करते. सभेत पुन्हा कोणाच्या आजाराकडे बोट दाखवून ठराव पास करून घेऊ नका.

आता ठरावातल्या शब्दांकडे येते. इतिवृत्तात "किरणोत्सर्गी लहरी" असे लिहिले आहे. मराठीत आपण एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि भीतीचा बराच भाग तिथून येतो. किरणोत्सर्ग म्हटले की डोळ्यांसमोर अणुबॉम्ब येतो. शाळेच्या पुस्तकात यासाठी वेगळे शब्द आहेत: युरेनियमची ती किरणोत्सारिता, आणि दिवा, रेडिओ, मोबाइल यांचे ते प्रारण. क्ष-किरणांच्या ऊर्जेने रेणूंतले बंध तुटू शकतात. मोबाइलच्या लहरींच्या ऊर्जेने ते तुटत नाहीत. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा ठरवताना तोच धरला जातो. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली. 900 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला 4.5 वॉटऐवजी 0.45 वॉट.

म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे मी म्हणत नाही. ज्यांनी सभेत काळजीने हात वर केला त्यांना मी अडाणी समजत नाही. माझ्या शंकाही काही वर्षे त्यांच्यासारख्याच होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना "कर्करोगकारक असण्याची शक्यता" या 2-बी गटात ठेवले, हे फॉरवर्डमध्ये बरोबर लिहिले आहे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे त्यात लिहिलेले नाही. 2024 मध्ये त्याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, हेही नाही.

पण आपला ठराव कर्करोगाबद्दल नव्हता, विचारशक्तीबद्दल होता. म्हणून त्याबद्दल जरा थांबून बोलते. 2011 मध्ये अमेरिकेत 47 जणांच्या कानाला पन्नास मिनिटे चालू फोन लावून मेंदूची चित्रे घेतली. अँटेनाच्या जवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला दिसला. मेंदूला लहरींची चाहूल लागते, एवढे त्यातून कळले. ते चांगले की वाईट, हे त्यातून कळले नाही. ऑस्ट्रेलियात सातवीच्या 317 मुलांच्या चाचण्या घेतल्या. जास्त कॉल करणारी मुले उत्तरे झटपट देत होती, पण चुका जास्त करत होती. संशोधकांनी पुढे पाहिले तर जास्त मेसेज करणाऱ्या मुलांतही तीच घाई होती, आणि मेसेज करताना फोन डोक्याजवळ नसतो. म्हणजे दोष लहरींचा नसून फोनने लावलेल्या सवयीचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सर्वांत महत्त्वाचा अभ्यास स्वित्झर्लंडचा. तो मी आपल्याला छापून अर्जासोबत दिला होता. 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 700 किशोरवयीन मुले, एक वर्षाचा काळ. ज्यांच्या मेंदूला स्वतःच्या फोनमधून जास्त लहरी मिळाल्या, त्यांची आकृत्या लक्षात ठेवण्याची क्षमता थोडी कमी वाढलेली दिसली, आणि फोन उजव्या कानाला लावणाऱ्यांत हे अधिक दिसले. एका अभ्यासाने काही सिद्ध होत नाही. 2024 च्या आढाव्यांत अल्पकाळाच्या प्रयोगांतून विचारशक्तीवर दुष्परिणाम दिसला नाही, आणि दीर्घकाळाबद्दलचा पुरावा कमी खात्रीचा आहे असेच म्हटले आहे. पण त्या स्विस संशोधकांचा सल्ला काय होता ते वाचा. हेडफोन किंवा स्पीकर वापरा, विशेषतः जिथे रेंज कमी आहे तिथे. कारण रेंज कमी असली की फोन पूर्ण जोराने लहरी सोडतो.

समितीच्या निर्णयातली माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथे आहे. मोबाइल हा बोलणारा माणूस समजा. समोरचा जवळ असेल तर तो हळू बोलतो, लांब असेल तर ओरडतो. टॉवर जवळ असला की हातातला फोन किमान शक्तीवर चालतो, दूर गेला की तोच फोन शक्ती कित्येक पटींनी वाढवतो. आणि तो कानाला चिकटलेला असतो. गच्चीवरच्या अँटेनाचा झोत बॅटरीच्या झोतासारखा पुढे, आडवा जातो. आमच्या सी विंगवरचा झोत रस्त्यापलीकडे जात होता, खाली आमच्या स्वयंपाकघरात नव्हे. गल्लीपलीकडच्या इमारतीवरचा टॉवर अजून जागेवर आहे आणि त्याचे तोंड आपल्या ए विंगकडे आहे. म्हणजे जो झोत आपल्याकडे येत होता तो येतोच आहे. आपला टॉवर उतरवून आपल्या मुलांच्या डोक्याजवळची शक्ती मात्र वाढवली.

टॉवर उतरल्यापासून सी आणि डी विंगमध्ये घरात रेंज नाही, हे आपल्याकडे कितीतरी जणांनी सांगितले आहे. माझा अनुभव लिहिते. डिसेंबरात एका संध्याकाळी हे दूध आणायला गेले आणि अर्ध्या तासात परतले नाहीत. मी घरातून फोन लावत होते, लागत नव्हता. गॅलरीत गेले, लागला नाही. सात मजले उतरून गेटवर आले तेव्हा लागला. तोवर ते मानपाड्याच्या सिग्नलजवळ बसस्टॉपवर येऊन बसले होते. कुठली बस घ्यायची ते आठवत नव्हते. एका कॉलेजच्या मुलीने त्यांचा फोन उचलून मला पत्ता सांगितला. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या मनात काय काय आले ते इथे लिहिणार नाही.

सभेत त्या दिवशी कोणी विचारले नाही ती गोष्ट आता विचारते. मोजले का? दूरसंचार विभागाचे तरंग संचार नावाचे पोर्टल 2017 पासून आहे. कोणत्याही टॉवरची माहिती तिथे बघता येते आणि ₹4,000 शुल्क भरून आपल्या जागेवरच्या लहरींची मोजणी मागवता येते. मी सभेत हे सांगायला उभी राहिले होते. चार हजार रुपये देण्याची माझी तयारीही होती. आपण मोजणी न करता टॉवर काढला आणि नंतर सांस्कृतिक निधीतून ₹350 ला एक अशी 212 "रेडिएशनरोधक" स्टिकरे घेतली. ₹74,200 झाले. अशा स्टिकरांनी लहरी कमी होतात याला शास्त्रीय आधार नाही, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण खात्याने कधीच दिलेला आहे. शिवाय अशा वस्तू अँटेनाला अडथळा करून फोनला उलट जास्त शक्ती वापरायला लावू शकतात, असेही त्यात म्हटले आहे. आमच्या घरी दोन स्टिकरे आली. मी ती परत केली, पोच आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर अभ्यासिकेचे सांगते, कारण हे सगळे पत्र तिच्यासाठी आहे.

टॉवरचे भाडे महिन्याला ₹35,000 येत होते. त्यातून ₹18,000 अभ्यासिकेवर जात. मावशींचा पगार, वीज, वर्तमानपत्रे, प्रश्नसंच. भाडे थांबले आणि एक डिसेंबरला दाराला कुलूप लागले. नोटिशीवर "निधीअभावी" एवढेच लिहिले होते. मुलांच्या विचारशक्तीसाठी टॉवर काढला आणि या संकुलात मुले जिथे विचार करत बसत होती ती एकुलती एक खोली बंद केली. हे तुमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हते, याची मला खात्री आहे. पण झाले ते हेच.

ती खोली ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. तळमजल्याची जुनी जिमची खोली. चोवीस खुर्च्या, दोन लांब टेबले, भिंतीवर नकाशा. दाराबाहेर लाकडी कप्पे, प्रत्येकाला क्रमांक. फोन कप्प्यात ठेवल्याशिवाय आत यायचे नाही, हा नियम मोठ्यांनाही. पहिल्या आठवड्यात मुले दर दहा मिनिटांनी बाहेर डोकावायची. महिन्याभराने ती दोन-दोन तास उठायची नाहीत. टेक्सास विद्यापीठात 2017 मध्ये सुमारे 800 जणांवर प्रयोग झाला. फोन बंद आवाजात, पण टेबलावर पालथा ठेवलेला, खिशात ठेवलेला आणि दुसऱ्या खोलीत ठेवलेला, असे तीन गट. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांची कामगिरी सर्वांत चांगली होती. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, तेही सांगायला हवे. पण मला त्या प्रयोगाची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर चोवीस मुले होती.

त्यातली निम्मी आपल्या फ्लॅटमधली नव्हती. आपल्या गेटवरच्या सुरक्षारक्षकांची मुलगी, बी विंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचे दोन मुलगे, मागच्या चाळीतली सहा-सात मुले. आपण मोठ्या मनाने त्यांना येऊ दिले होते आणि त्याबद्दल मी समितीचे आभार सभेत मानले आहेत, इथेही मानते. सुरक्षारक्षकांची मुलगी यंदा दहावीला आहे. त्यांच्या एका खोलीत पाच माणसे राहतात. सध्या ती रात्री पार्किंगमध्ये, सिक्युरिटी केबिनच्या दिव्याखाली बसते आणि भूमितीची प्रमेये मोबाइलवरच्या व्हिडिओतून बघते. मध्येच जाहिरात येते, मग दुसरा व्हिडिओ सुरू होतो. परवा मी तिला विचारले, पायथागोरस झाला का? म्हणाली, "तीनदा बघितला मॅडम, पण सुचत नाही." तीच मुलगी ऑगस्टमध्ये अभ्यासिकेच्या फळ्यावर तो मला सिद्ध करून दाखवत होती.

कोणी म्हणेल, ग्रंथालये आहेत की. 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढणाऱ्या शहरात आपण राहतो, मला त्याचा अभिमान आहे, मी स्वतः तिथेच वाचत वाढले. पण घोडबंदर रोडवरून संध्याकाळी स्टेशनाकडे जायला किती वेळ लागतो ते आपण सगळे रोज बघतो. पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री नऊला तिथून परत यायला आपण सांगणार आहोत का?

आणखी एक लहानशी तक्रार. बॅडमिंटन कोर्टाचे बुकिंग जूनपासून फक्त ॲपवर आहे. दहा वर्षांच्या मुलाला खेळायला जायचे तर आधी हातात फोन घ्यावा लागतो. 2024 च्या असर या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारले होते की गेल्या आठवड्यात फोन कशासाठी वापरला. 57 टक्के अभ्यासासाठी म्हणाले आणि 76 टक्के सोशल मीडियासाठी. आपल्या मुलांचे वेगळे असेल असे मला वाटत नाही. बुकिंगसाठी हातात घेतलेला फोन बुकिंग झाल्यावर खाली ठेवला जात नाही. गेटवर पूर्वी वही असायची. ती परत ठेवायला काही खर्च नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

अभ्यासिका याच आठवड्यात उघडावी आणि निदान दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत चालू ठेवावी. स्टिकरांवर जितके पैसे गेले तितक्यात ती चार महिने चालली असती. विक्रेत्याकडे पैसे परत मागावेत, मिळाले तर त्यातून खर्च करावा. तोवर मावशींच्या पगाराचा भार आम्ही अकरा सभासदांनी वाटून घ्यायचे ठरवले आहे. त्यांच्या सह्यांचा कागद अर्जासोबत आहे.

ए विंगच्या वरच्या मजल्यांवर आणि सी विंगच्या गच्चीवर तरंग संचारमार्फत मोजणी करून घ्यावी आणि आलेले आकडे नोटीस बोर्डावर मराठीत लावावेत. आकडे मर्यादेपेक्षा जास्त आले तर गल्लीपलीकडच्या टॉवरविरुद्ध तक्रार करायला सर्वांत पुढे मी असेन, हे लिहून देते.

मोजणी आल्यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, विषय नोटिशीत स्पष्ट लिहून. टॉवर पुन्हा बसवायचा की नाही ते सभेने ठरवावे. तिथे माझ्या विरोधात निर्णय झाला तर मी तो मान्य करीन. सभा बोलावली नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी ती मागता येते. त्या सह्या गोळा करायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढीच इच्छा.

सप्टेंबरच्या सभेच्या इतिवृत्तातून "सी विंगमधील ज्येष्ठ सभासदांच्या प्रकृतीचे उदाहरण" हे वाक्य काढून टाकावे. यासाठी कोणत्याही सभेची वाट बघू नये.

आणि बॅडमिंटनची वही.

पालकांनाही एक सांगणे आहे, कारण सगळे समितीवर टाकणे बरोबर नाही. रेंज कमी असेल तेव्हा मुलांना फोन कानाला लावून तासभर बोलू देऊ नका, स्पीकर किंवा हेडफोन द्या. रात्री फोन त्यांच्या उशीखाली नको, स्वयंपाकघरात ठेवा, आणि आपलाही त्याच्या शेजारी. लहरींची भीती असो वा नसो, हे दोन्ही उपयोगी आहे आणि फुकट आहे.

अभ्यासिकेची किल्ली ऑफिसातल्या डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, मावशींनीच तिथे ठेवली आहे. संध्याकाळी सहा ते रात्री दहा मी रोज बसायला तयार आहे. हेही माझ्याबरोबर येतील. त्यांना आता वर्तमानपत्र पूर्ण वाचता येत नाही, पण मुलांचे फोन क्रमांक लावून कप्प्यात ठेवायचे काम ते अजून अगदी चोख करतात. सोमवारी सहा वाजता आम्ही दोघे दाराशी येऊन थांबतो.

आपली,
सी विंगमधील एक सभासद
(निवृत्त विज्ञान शिक्षिका)